मोकळा टप बुजवताना : गाडी तीच राहते का?

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं गॅरेजमध्ये काय काम? काम आहे. किंबहुना तत्त्वज्ञानातला एक फार जुना प्रश्न पत्र्याच्या आणि वेल्डिंगच्या भाषेत जितका स्पष्ट होतो, तितका तो वर्गात फळ्यावर होत नाही, असं आमचं मत आहे. शिवाय हे व्याख्यान महाडला आहे. समोर वसाहतीत फॅब्रिकेशनचं काम करणारी, आयटीआय केलेली मंडळी बसली आहेत. तेव्हा पत्र्याबद्दल आम्ही काही उणंअधिक बोललो, तर तिथल्या तिथे पकडले जाऊ.

प्रश्न साधा आहे. १९३६च्या आधीची एखादी बंद मोटार, म्हणजे चारी बाजूंनी काचा आणि वर टप असलेली सेडान घ्या. तिचा टप लांबून अखंड दिसतो. पण जवळ जाऊन हात फिरवला तर कळतं, की कडेकडेने लोखंडी पत्रा आहे आणि मधोमध मोठा चौकोन कापडाचा आहे. कापड काढलं की खाली नुसती चौकट, मोकळं आभाळ. अमेरिकेत जुन्या गाड्यांना तगडं इंजिन बसवून, त्यांची काटछाट करून ‘हॉट रॉड’ बनवणारे लोक हा चौकोन पत्रा लावून कायमचा बुजवून टाकतात. आता असा टप बुजवावा का, बुजवायचा तर कसा, आणि बुजवल्यावर ती गाडी तीच राहते का?

आधी हे भोक तिथे आलं कुठून ते पाहू. ते हवेसाठी नव्हतं, शोभेसाठी नव्हतं, आजच्या सनरूफसारखी ती चैनही नव्हती. ते नाइलाजाने होतं. संपूर्ण टप एका पत्र्यात दाबून काढायचा तर दोन गोष्टी लागतात : पुरेसा रुंद पत्रा आणि तो न फाटता खोल दाबणारा मोठा प्रेस. १९२०च्या दशकात हे दोन्ही हाताशी नव्हतं. मग कारखान्यांनी काय केलं, तर कडा पत्र्याच्या दाबल्या आणि मधली जागा सुताराकडे सोपवली. लाकडी आडव्या पट्ट्या, त्यावर काही गाड्यांत चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी, त्यावर कापसाची गादी, मग साधं कापड आणि सगळ्यात वर पाणी न शोषणारं लेप दिलेलं कापड. कडेने चुका ठोकायच्या आणि चुकांवर पट्टी. पुढे गाड्यांत रेडिओ आले तेव्हा या जाळीचा एक अनपेक्षित फायदा झाला, तीच एरियल म्हणून वापरता आली. पूर्ण लोखंडी टप आल्यावर एरियलला गाडीच्या बाहेर किंवा खाली जागा शोधावी लागली!

जनरल मोटर्सने १९३५च्या मॉडेलांपासून ‘टरेट टॉप’ या नावाने एकसंध पोलादी टप आणला. फोर्डच्या बंद गाड्यांना तो १९३७ साली मिळाला. म्हणजे हॉट रॉडवाल्यांची जी सर्वांत लाडकी गाडी, १९३२ची फोर्ड, २२१ घनइंचाचं आणि ६५ अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन असलेली, तिच्या सेडानचा टप मधे कापडाचाच होता.

हे सगळं अमेरिकेचं झालं, आपला काय संबंध, असं म्हणू नका. जनरल मोटर्सने भारतातला आपला जुळणीचा कारखाना १९२८ साली मुंबईत शिवडीला काढला. तो १९५४पर्यंत चालला. फोर्डनेही मुंबईत जुळणी केली. तेव्हा कापडी टपाच्या गाड्या आपल्या किनाऱ्यावर उतरल्या, इथल्या कामगारांनी त्या जोडल्या आणि इथल्या पावसात त्या भिजल्या. पाऊस म्हणजे काय हे महाडकरांना आम्ही सांगायला नको. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री तुमच्या दारातून जाते, आणि तिचं पाणी घरात आल्याच्या खुणा भिंतींवर असतात.

इथे कोकणातल्या माणसाला एक गोष्ट पटकन समजेल. कापडी टप म्हणजे कौलारू छप्पर, आणि बुजवलेला टप म्हणजे स्लॅब. कौलारू घराला दर वर्षी शाकारणी लागते. मिरगाच्या आधी माणूस वर चढतो, फुटकं कौल बदलतो, सरकलेलं बसवतो. कटकट आहे खरी. पण कौल फुटलं की खालून उजेड दिसतो, गळतं कुठे ते लगेच कळतं. स्लॅबला शाकारणी नाही, वीस वर्षं कुणी वर बघत नाही. आणि गळायला लागला की पाणी शिरतं एकीकडे, सळईच्या कडेने वाहतं आणि टपकतं तिसऱ्याच खोलीत. तोवर आतली सळई फुगलेली असते. कापडी टपाचंही तसंच होतं. त्या गाडीच्या मालकाने दर काही वर्षांनी कापड बदलायचं, पट्टीखालच्या चुका पाहायच्या, हे गृहीत धरलेलं होतं. ती शाकारणी थांबली की चुका गंजतात, चुकांच्या भोकांतून पाणी लाकडात जातं, लाकूड कुजतं. आणि ते लाकूड नुसतं कापड तोलत नसतं, टपाचा आकारही धरून असतं. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडीत तर अंगाचा बराचसा सांगाडाच लाकडी. म्हणून लाकूड कुजलेल्या गाडीचं दार नीट लागत नाही, आणि लोक बिजागरी ठोकत बसतात.

बुजवायचा निर्णय घेतला असं समजू. पहिली गोष्ट, कुजलेलं लाकूड काढण्याच्या आधी गाडीला आतून आडव्या-तिरक्या पाइपांचे टेकू द्यायचे. दारं बंद करून, फटी सारख्या आहेत हे पाहून, मग टेकू. लाकूड आधी काढलं आणि गाडी हातभर इकडेतिकडे हलवली की दोन्ही बाजूंचे खांब आपापल्या मर्जीने सरकतात, आणि त्यावर नवा पत्रा जोडला की ते वाकडेपण कायमचं होतं. दुसरी गोष्ट तुम्हाला वसाहतीत रोज सांगितली जाते, ठिणगी उडणाऱ्या कामाआधी जळाऊ वस्तू बाहेर. हॉट वर्क परमिट इथे कुणी मागणार नाही, पण पेट्रोलची टाकी उतरवायची, गाद्या, कापूस, अस्तर सगळं काढायचं. नव्वद वर्षांचा वाळलेला कापूस पेटायला फारसं निमित्त लागत नाही.

मग पत्रा कसा? नवशिका माणूस बाजारातून सपाट सीआर पत्रा आणतो, भोकाच्या मापाने कापतो आणि चिकटवतो. आता तुमच्यापैकी ज्यांनी टाक्या बनवल्या आहेत त्यांना आम्ही विचारतो, टाकीच्या तोंडाला सपाट झाकण का लावत नाही, डिश एंड का लावता? कारण फुगवटा असलेला पत्रा स्वतःला सावरतो, सपाट पत्रा सावरत नाही. टपाचंही तेच. पत्र्याला लांबीत आणि रुंदीत, दोन्हीकडे थोडा फुगवटा हवा. तो नसेल तर तो पत्रा डब्याच्या झाकणासारखा टक्-टक् करत आत-बाहेर होतो. खड्डा आला की टक्, दार आपटलं की टक्. वर पाणी साचतं ते वेगळंच.

फुगवटा आणायला पत्रा मधल्या भागात ताणावा लागतो. इंग्लिश व्हील नावाचं यंत्र असतं, दोन चाकांमधून पत्रा पुढे-मागे फिरवून तो पातळ करत ताणणारं. पण ही विद्या आपल्याकडे यंत्राच्या कितीतरी आधीपासून आहे. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचं भांडं मठारतात ना, तीच. गुळगुळीत हातोडीचे शेजारी शेजारी, सारख्या जोराचे ठोके, खाली पोलादी आधार. प्रत्येक ठोक्याने धातू जरासा पसरतो. आपण त्या ठोक्यांच्या खुणा शोभा म्हणून पाहतो, पण मुळात त्या पत्रा घट्ट आणि सारखा करण्याच्या खुणा आहेत. इंग्रजीतल्या ‘प्लॅनिशिंग’ला प्रतिशब्द शोधत बसण्याचं कारण नाही, ‘मठारणे’ आपल्याकडे आहेच. अमेरिकेत एक पळवाटही काढली गेली : एखाद्या स्टेशन वॅगनचा टप भंगारातून आणायचा आणि त्याचा हवा तेवढा तुकडा कापून घ्यायचा. कारखान्याच्या प्रेसने फुगवटा आधीच देऊन ठेवलेला असतो. आपल्याकडे कुणी भंगारातल्या व्हॅनचा टप घेतला तर तेही चालेल. फक्त त्यावर दाबलेल्या उभ्या रेषा असतील, तर त्या दिसतात आणि गाडीचं वय तीस-चाळीस वर्षांनी कमी करतात.

आता खरी कसोटी, वेल्डिंग. पोलाद तापलं की दर मीटरला, दर अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. म्हणजे एक मीटर पट्टी १०० अंशांनी तापवली तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास लांब होते. हे काही फार नाही असं वाटेल. पण जोडाच्या जागी आपण १०० अंश देत नाही, धातू वितळवतो, म्हणजे दीड हजार अंशांच्या घरात जातो. त्या तापलेल्या चिंचोळ्या पट्ट्याला पसरायचं असतं, पण शेजारचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही. मग तो तिथल्या तिथे जाड होतो. निवताना मात्र तो आकसतो, आणि मूळच्यापेक्षा आखूड होऊन बसतो. चारी बाजूंनी जोड दिला की चारी कडा आखडल्या, मधला पत्रा होता तेवढाच राहिला. पायजम्याची नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडतात तशा पत्र्याला लाटा येतात. पुष्कळ जण या लाटा पुट्टीने, आमच्या लहानपणी ज्याला लांबी म्हणत तिने, भरून काढतात. रंग दिल्यावर छान दिसतं. मेमधल्या उन्हात टप तापतो, पावसाच्या पहिल्या सरीने निवतो, आणि जाड पुट्टीला तडा जातो. तड्यातून पाणी.

उपाय घाई न करण्याचा आहे. आधी लांब लांब अंतरावर टाके, म्हणजे टॅक. एक टाका पुढे डावीकडे, दुसरा मागे उजवीकडे, तिसरा मधे. हात लावून पत्रा निवलाय याची खात्री करायची, मग पुढचा. असं करत टाके एकमेकांना भिडवायचे. जिथे कड आखडली तिथे खाली डॉली धरून जोडावरच हातोडीने मठारायचं, म्हणजे आखडलेलं परत पसरतं. जोडाची रेषाही शक्यतो टपाच्या सपाट भागात नको, कडेच्या वळणाजवळ हवी. वळलेला पत्रा तापाला कमी दाद देतो. एकावर एक पत्रा चढवून केलेला जोड सोपा असतो, पण दोन पत्र्यांच्या मधे पाणी बसायला जागा राहते. कडेला कड भिडवून केलेला जोड अवघड, पण त्यात लपवायला काही नसतं. आमचा कौल दुसऱ्याला. विशेषतः इथे, जिथे हवेत दमटपणा आहे आणि कारखान्यांच्या शेजारी आम्लाचा अंशही असू शकतो. आतल्या बाजूला आडव्या कमानी द्यायच्या, पण त्या पत्र्याला वेल्ड करायच्या नाहीत, मधे लवचीक सीलंट ठेवायचा. नाहीतर प्रत्येक कमान वरून मोजता येते.

इथवर ‘कसं’ झालं. आता ‘बुजवावा का’.

महाडच्या वेशीवर गांधारपाल्याची लेणी आहेत. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना डोंगरात ओळीने दिसतात. त्या छपराला जोड नाही, भिंत आणि छत एकाच दगडाचं. ज्या बौद्ध परंपरेतल्या लोकांसाठी ती कोरली, त्याच परंपरेतल्या ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आपला प्रश्न आलेला आहे. राजा मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. तो सांगतो की मी रथातून आलो. भिक्षू नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? दांडी का? आस का? चाकं का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग या सगळ्यांहून वेगळा रथ कुठे आहे? तोही नाही. तात्पर्य, रथ हे भागांच्या मांडणीला दिलेलं सोयीचं नाव आहे. नागसेन जर आपल्या गॅरेजमध्ये आला, तर म्हणेल, टप बुजवा नाहीतर उघडा ठेवा, ‘ती गाडी’ नावाची वस्तू आधीही नव्हती.

नैयायिकांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा अवयवी खरोखर असतो. पण त्यांनी त्याची फार कडक किंमत मोजली. वस्त्राचा तुकडा फाडला तर जुनं वस्त्र नष्ट झालं आणि लहानसं नवं वस्त्र उत्पन्न झालं, असं ते म्हणतात. भर घातली तरी तेच. या हिशेबाने वेल्डिंगचा पहिला टाका पडला की जुनी गाडी गेली. ग्रीकांचं थीसियसचं जहाज तुम्ही ऐकलं असेल, एकेक फळी बदलत गेलेलं. आम्हाला मात्र आपला प्रश्न त्याहून वेगळा वाटतो. थीसियसच्या जहाजात कुजलेल्या फळीच्या जागी फळीच येते. इथे आपण जिथे मुळात पोलाद नव्हतं तिथे पोलाद घालतो आहोत. पुढच्या वैशेषिकांनी ‘अभाव’ हा सातवा पदार्थ मानला, त्याची विद्यार्थी टिंगल करत. पण टपातलं भोक बघा, त्या गाडीचा तो एक खरा अभाव आहे. त्या काळच्या पोलाद गिरणीला काय जमत नव्हतं, हे ते भोक सांगतं. ते बुजवलं तर गाडीतून काही जात नाही, उलट भर पडते, आणि तरी एक माहिती पुसली जाते.

यावर हॉट रॉडवाल्याचं उत्तर हलकं नाही. तो म्हणतो, फोर्डने स्वतःच १९३७ला हे भोक बुजवलं, मी फक्त पाच वर्षं आधीच्या गाडीला तेच देतो आहे. कारागिराच्या इच्छेकडे बघा, त्याच्या अडचणीकडे नको. वापरणाऱ्या माणसाचं हे म्हणणं आहे, आणि वस्तू वापरली जावी यात गैर काय? सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. जून २०१७मध्ये नवा पूल सुरू झाला. त्याला आपण सावित्रीचाच पूल म्हणतो, आणि तो जुन्यासारखा दगडी बांधा असं कुणी म्हटलं नाही, म्हणूही नये. एसटीच्या कार्यशाळांत अलीकडच्या वर्षांत जुन्या चासीवरून ॲल्युमिनियमची बॉडी उतरवून पोलादी बॉडी चढवली गेली. गाडीचा नंबर तोच राहिला, प्रवाशाला ती अधिक भक्कम मिळाली. जिथे माणसांचा जीव वस्तूवर अवलंबून आहे, तिथे वस्तूचं तेच-पण दुय्यम आहे.

पण नव्वद वर्षांची सेडान रोज कुणाला कामावर नेत नाही. आणि इथे कायदा मधे येतो. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ सांगतं, की नोंदणीतला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्यानंतर जुलै २०२१मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, जिची चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नाही, ती ‘व्हिंटेज’. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. गाडी त्या व्याख्येत बसते का हे राज्याने नेमलेली समिती तपासते. आता बॉडी शेल या शब्दासमोर आपला बुजवलेला टप ठेवा. दोन हजारांचा पत्रा आणि आठवड्याची मजुरी, आणि त्यापायी व्हिंटेज हा दर्जाच धोक्यात. नागसेन आणि नैयायिक यांच्यातला वाद असा आरटीओच्या खिडकीवर येऊन उभा राहतो, आणि तिथे, गंमत म्हणजे, नैयायिकांची बाजू वरचढ ठरते.

म्हणून आमचं मत दोन तऱ्हांचं आहे. ज्या गाडीचं इंजिन, चासी, चाकं, सगळं आधीच कुणीतरी बदलून टाकलं आहे, तिच्या टपातल्या भोकाचं सोवळं पाळण्यात अर्थ नाही. खुशाल बुजवा, नीट बुजवा. पण ज्या गाडीचं मूळ अंग शाबूत आहे, तिला वेल्डिंगची नळी लावू नये. मूळ खाचेत बसेल असा फुगवटा दिलेला वेगळा पत्रा किंवा फायबरचा तुकडा करून घ्यावा, तो सीलंटने आणि मूळ पट्टीने धरावा, वरून कापड चढवावं. पाऊस अडतो, टप घट्ट होतो, आणि उद्या कुणाला मूळ रूप हवं असेल तर दिवसभराच्या कामात तो निघतो. निघालेलं जुनं लाकूड कितीही कुजकं असलं तरी बंबात घालू नये. नव्या पट्ट्या कापायला तोच एकमेव नमुना असतो, आणि चुकांच्या भोकांमधली अंतरंही त्यावरच मिळतात.

एक शेवटचं, कामाचं. कोणत्याही मार्गाने केलं तरी आतलं अस्तर लगेच लावू नका. गाडी उतारावर, नाक वर करून उभी करा आणि पाइपाने जोडावर अर्धा तास पाणी सोडा, मग नाक खाली करून अर्धा तास. आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं. टपाच्या कडेची पन्हळही याच वेळी तपासून घ्या, पुष्कळदा टप कोरडा असतो आणि गळत असते ती पन्हळ. हे काम मिरगाच्या आधी उरकलेलं बरं, त्यानंतर पाइप लावायची गरज इथे पडत नाही.